चंद्राचं काम

चांगदेव घरतच्या घरी आलेल्या पाहुण्याला पाण्याआधी फाईल मिळते, अशी त्याच्या बायकोची, केसरची, जुनी तक्रार होती. पाहुणा खुर्चीत नीट टेकायच्या आत चांगदेव कपाटातून एक जाडजूड फाईल काढून त्याच्या मांडीवर ठेवी आणि शेजारी उभा राहून स्वतःच पानं उलटू लागे. प्रत्येक पानावर प्लास्टिकच्या पिशवीत एक पत्र. पोस्टकार्डं, आंतर्देशीय पत्रं, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांचे छापील कागद. लिहिणारे सगळे नाटकांचे समीक्षक, नाहीतर संपादक. मजकुरावर तो कुणाला फार रेंगाळू देत नसे. त्याचं बोट सरळ खाली जाई. "ही सही बघा. टिळेकर. शाई बघा, जशीच्या तशी आहे."

नटनट्यांच्या सह्या जमवणारे पुष्कळ असतात. चांगदेवला त्यांचं कौतुक नव्हतं. नट सही देतो ती गर्दीला देतो, असं तो म्हणे; समीक्षक सही करतो ती स्वतःच्या मताखाली करतो. मुंबई-पुण्याची ही विद्वान माणसं आगरदांड्याच्या एका एसटीवाल्याला पत्र लिहितात, खाली सही करतात आणि उठून पोस्टात टाकतात, याचं त्याला वाटणारं अप्रूप इतक्या वर्षांत कमी झालं नव्हतं. चक्रीवादळात छप्पर उडालं तेव्हा त्याने सगळं सोडून फाईल पोटाशी धरली होती. "घरावरचे पत्रे गेले, ह्याची पत्रं तेवढी राहिली," असं केसर पुढे वर्षभर येईल त्याला ऐकवत होती.

पण ही माणसं त्याला उत्तरं का लिहितात, हे केसरलाही माहीत नव्हतं.

चांगदेव निवृत्त होईपर्यंत मुरुडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. तिथे बसून त्याने एक गोष्ट पाहिली होती. "पनवेल गाडी कधी?" असं कुणी विचारलं तर बाकावरची माणसं ढिम्म हलत नाहीत. पण कुणी ठासून म्हटलं, "पनवेल गेली," की लगेच चार जण उठतात. "कुठे गेली? कोण म्हणतं गेली? अजून लागायचीय!" सुरुवातीला तो समीक्षकांना, आपलं परीक्षण वाचलं, फार आवडलं, असं काहीबाही लिही. ती पत्रं समुद्रात टाकल्यासारखी जात. मग एकदा त्याने दोन अंकी नाटकाला चुकून तीन अंकी म्हटलं, आणि आठवड्याच्या आत टिळेकरांचं कार्ड दारात. समासापर्यंत भरलेलं. 'आपला घोटाळा होत आहे', इथून सुरुवात आणि खाली झोकदार सही.

त्या दिवसापासून तो प्रत्येक पत्रात एक चूक घालू लागला. एकच. कधी साल चुकीचं, कधी नेपथ्यकाराचं नाव, कधी नाट्यगृह. चूक बेताची हवी. फार मोठी असली तर वाचणारा पत्र फेकून देतो, फार लहान असली तर ती खपून जाते. आणि चूक घालण्याआधी खरं काय ते तो कात्रणं काढून पक्कं करून घेई. खाडीवर मासे गरवायला बसलेला माणूस गरीला कोळंबी लावतो, तसं हे. मनातल्या मनात तो त्याला गरीच म्हणे. दुसऱ्याची चूक दिसल्यावर गप्प बसणं समीक्षकांच्या रक्तातच नव्हतं. एकामागून एक लागत गेले.

काशी त्याच्याकडे आली ती गेल्या माघात, दुपारची. सावरखारच्या कोळीवाड्यात राहणारी ही बाई साठीला आलेली, बाजारात सुकी मासळी विकणारी. टोपली बाहेर ठेवून ती ओट्यावरच बसली आणि कमरेचा मोबाईल काढून तिने त्याच्यापुढे धरला.

"चांगदेव, नाटकवाल्यांच्यात तुजं लय नाव हाय ना? मंग ह्ये काय ता बघ."

पडद्यावर एका पुस्तकाच्या पानाचा फोटो होता. चांगदेवने चष्मा लावला. पुण्याच्या एका संस्थेने किनारपट्टीवरच्या हौशी रंगभूमीचा कोश काढला होता, त्यातलं ते पान. 'खाजणपार. सावरखार नाट्य मंडळ. जिल्हा स्पर्धेत करंडक.' खाली भूमिका आणि नटांची नावं. नायक, सदा पाटील. आणि त्याच्या खालची ओळ: 'चंद्रा : सुमन केळसकर'.

ती ओळ त्याने पुन्हा वाचली.

"नातीनं वाचून दाखवलं," काशी म्हणाली. "मी बोलले, परत वाच. परत पन सुमनच."

केसर पाणी घेऊन आली होती. ती म्हणाली, "अगं, पण चंद्राचं काम केळसकरबाईनंच केलं होतं ना? मी पाहिलंय, शिमग्याला."

"शिमग्याला तिनंच केलं. अलिबागला मी केलं."

केसर बघतच राहिली. चांगदेवने खाली पाहिलं. त्याला हे ठाऊक होतं. ठाऊक असणाऱ्या मोजक्या माणसांत तो होता.

त्या काळी गावातल्या नाटकात बायकांची कामं करायला बाहेरून नटी आणत. सुमनबाई मुंबईहून यायची, शेवटच्या तालमी करायची, प्रयोग करून परत जायची. अलिबागच्या स्पर्धेला मात्र तिला दुसरीकडून बोलावणं आलं आणि ती आलीच नाही. तालमी काशीच्या बापाच्या अंगणात चालत. जाळी विणता विणता काशीला अख्खं नाटक तोंडपाठ झालेलं. दिग्दर्शक काशीच्या बापाच्या अक्षरशः पाया पडला. बाप कबूल झाला, पण पोरीचं लग्न ठरत होतं. नाव कुठे येता कामा नये, ही त्याची अट. स्पर्धेच्या अर्जावर सुमनचं नाव गेलं होतं, तेच राहिलं. काशीने तोंडाला रंग लावला, एक रात्र चंद्रा झाली, करंडक आला आणि पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही. चांगदेव तेव्हा मिसरूड फुटलेला, पडदा ओढायला होता. एक सदा सोडला तर दिग्दर्शक आणि बाकीची मंडळी एकेक करून गेली.

"नवरा होता तवर मी गप ऱ्हायले," काशी म्हणाली. "त्याला कळलं असतं तर घरात घेतलं नसतं. आता बाप न्हाय, नवरा न्हाय. कोनाला भ्यायचं? सदा जेट्टीवर नाटकाला कट्टा बांधतोय. त्याच्यावर काळा दगड लावनार, सगळ्यांची नावं कोरून. मी त्याला बोलले, माजं नाव घाल. तर बोलतो, पुस्तकात हाय ताच दगडावर." तिने मोबाईल पदराने पुसला. "दगडावर एकदा कोरलं का मी मेल्यावर पन सुमनच. तू पुस्तकवाल्यांना लिही. तुजं ते ऐकतील."

"लिहितो," चांगदेव म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

"लवकर लिही. पुढल्या हप्त्यात दगड कोरायला अलिबागला जायचाय."

ती गेल्यावर केसर म्हणाली, "तुम्ही एवढे पांढरेफटक कशाने पडलात?"

कशाने, ते तो सांगू शकत नव्हता. कोशाची संपादक शिवानी उपासनी. पाचेक वर्षांपूर्वी तिने जाहीर आवाहन केलं होतं, जुन्या हौशी नाटकांची माहिती कळवा. तिची सही फाईलमध्ये नव्हती. चांगदेवने पत्र लिहिलं होतं आणि त्यात नेहमीप्रमाणे गरी लावली होती. 'अलिबागच्या प्रयोगाला मी पडदा ओढत होतो. सुमनबाईंची चंद्रा अजून डोळ्यांपुढे आहे.' त्या प्रयोगाचं परीक्षण टिळेकरांनी लिहिलं होतं; बापाची अट त्यांना कुठे ठाऊक, त्यांनी काशीचं नाव हुडकून छापलंच असणार, अशी त्याची खात्री. संपादक ते परीक्षण काढणार, तडक उत्तर लिहिणार: आपला घोटाळा होत आहे. उत्तर आलं नाही. आजकालच्या संपादकांना पत्रं लिहायची सवय कुठे राहिलीय, असं म्हणून त्याने विषय सोडून दिला होता.

दुसऱ्या दिवशी केसर देवळात गेल्याचं बघून त्याने पुण्याला फोन लावला.

"चांगदेव घरत? आगरदांड्याचे?" शिवानीचा आवाज एकदम मोकळा झाला. "काका, मीच तुम्हाला फोन करणार होते. टिळेकर गेले ते माहीत असेलच. त्यांच्या घरच्यांनी त्यांचे सगळे कागद आमच्या संस्थेला दिले, गेल्या महिन्यात. त्यात तुमची पत्रं निघाली."

"माझी?"

"सगळी जपून ठेवलीयत. आणि प्रत्येक पत्रात लाल पेन्सिलीने एक ओळ अधोरेखित. मी एका बैठकीत वाचून काढली. काका, ज्याला विषय कळत नाही त्याच्या पत्रात कधी चार चुका असतात, कधी एकही नसते. दर पत्रात एक, आणि एकच, हे मला काही पटेना."

बाहेर फेरीबोटीचा भोंगा झाला.

"मुद्दाम?" तिने विचारलं.

"हो."

ती हसली नाही, रागावलीही नाही. पाटीवर उत्तर मांडून घ्यावं तसं तिने विचारलं, "मग मला लिहिलेल्या पत्रात कुठली होती?"

"चंद्रा. ते काम सुमनबाईंनी केलं नाही. आमच्या इथल्या काशीने केलं. मला वाटलं, टिळेकरांचं परीक्षण बघून तुम्ही मला खोडाल. त्यात काशीचं नाव—"

"परीक्षणात नाव नाही."

"असं कसं? आहे."

"माझ्यासमोर आहे, काका. 'चंद्राच्या भूमिकेतील नवख्या मुलीने प्रयोग तोलून धरला.' एवढंच. छापील पत्रकावर सुमन, पण पत्रकावरचं नाव ऐन वेळी बदलतं. म्हणून ती जागा मी रिकामी ठेवणार होते. मग तुमचं पत्र आलं. विंगेत उभा राहून पडदा ओढणारा माणूस. त्याच्याहून जवळचा साक्षीदार मला कुठे मिळणार होता? टिळेकरांपेक्षा मी तुम्हाला मानलं."

आयुष्यात एवढी एकच चूक त्याने न तपासता पत्रात घातली होती. डोळ्यांनी पाहिलेलं कशाला तपासायचं, म्हणून.

"मग आता दुरुस्त करा," तो म्हणाला. "मी लेखी देतो."

"सुमनचं नाव काढते. आज संकेतस्थळावरून, पुढच्या आवृत्तीत पुस्तकातून. पण काशीबाईंचं घालू कशाच्या आधारावर?"

"मी सांगतोय ना!"

"तेच तर. तुमच्या सहीचं एक पत्र माझ्याकडे आहे, त्यात सुमन. उद्या दुसरं येईल, त्यात काशी. पहिलं खोटं होतं हे मी मानते. दुसरं खरं, हे कशावरून मानू? माझ्या जागी तुम्ही असतात तर मानलं असतंत?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. तिनेच पुढे विचारलं,

"त्या रात्री स्टेजवर असलेलं दुसरं कुणी हयात आहे?"

"सदा पाटील. नायक होता."

"त्यांच्याकडून दोन ओळी लिहून, सही घेऊन पाठवा. मी त्याच दिवशी नाव घालते."

फोन ठेवल्यावर चांगदेवने फाईल काढली. आज पहिल्यांदा त्याचं बोट सहीवर न जाता मजकुरावर गेलं. 'आपला घोटाळा होत आहे.' 'आपण म्हणता तसे मुळीच नाही.' 'हे आपणांस कोणी सांगितले?' 'कृपया खात्री करून लिहीत जावे.' पान उलटावं तर तेच, त्याच्या पुढचंही तेच. महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या जाणकारांनी सहीनिशी लिहून दिलेलं होतं की चांगदेव घरतच्या शब्दावर विसंबू नये. आणि हे सगळं त्याने स्वतः गोळा केलं होतं, पिशव्यांत घालून, वाळवीपासून सांभाळून. त्याने खिडकी उघडली. तरी खोलीत हवा आल्यासारखी वाटेना.

सदाचं कॉटेज सावरखारच्या किनाऱ्यावर होतं. पर्यटकांसाठी पाच-सहा खोल्या, पुढे नारळाखाली झोपाळा. चांगदेव गेला तेव्हा काशी आधीच पायरीवर येऊन बसली होती. तिने घरी थांबायचं नाकारलं होतं. "तू बोल. मी नुसती बसते," एवढंच ती म्हणाली होती.

सदा स्वयंपाकघरात कुणावर तरी ओरडून बाहेर आला. पोट सुटलेलं, पण चालण्यात अजून नायकाची ऐट. त्याने काशीकडे पाहिलं आणि चांगदेवला झोपाळ्यावर बसवून घेतलं.

"दगडाचंच ना? चांगो, डोकं नको खाऊ. संध्याकाळी टेम्पो येतोय."

"दोन ओळी लिहून दे, सदा. चंद्राचं काम काशीनं केलं, एवढंच."

"आणि करंडकाचं काय? अर्जावर सुमन, स्टेजवर दुसरीच. नियमात बसत होतं ते? सभापती येणार उद्घाटनाला, करंडक मधोमध ठेवणार. मी आपल्या हातानं लिहून देऊ, हा लबाडी करून आणलेला आहे म्हणून?"

"एवढ्या वर्षांनी कोण विचारतंय?"

"विचारायला काय, पलीकडच्या गावातला बसलाच आहे. दुसरा नंबर त्यांचा होता. अजून बोलतात."

चांगदेवने पायाने झोपाळ्याला रेटा दिला. झोपाळ्याची कडी कुरकुरत होती. मग तो सहज बोलल्यासारखं म्हणाला, "बरोबर आहे तुझं. नाहीतरी तिनं काय मोठं केलं? तिसऱ्या प्रवेशात अडखळलीच की. तू सांभाळून घेतलंस म्हणून निभावलं."

पायरीवर काशीची मान झटकन वळली.

"कोण अडखळलं?" सदा म्हणाला.

"काशी. होडी परत येत नाही तो प्रवेश."

"अरे, तू पडदा ओढत होतास का झोपला होतास? ती अडखळली? माझी वाचा बसली होती! पुढचं वाक्यच आठवेना. समोर अख्खं अलिबाग. आणि ही बाई माझं वाक्य स्वतःच्या तोंडात घालून बोलली. 'तू बोलनार न्हायस, ठाव हाय मला, तू काय बोलनार व्हतास ता.' असं म्हणून माझं सगळं भाषण तिनंच केलं, वर रडली पण. लोकांना वाटलं, नाटकात असंच आहे. टिळेकर पहिल्या रांगेत, त्यांना पण कळलं नाही. अडखळली म्हणे! तिच्यामुळे करंडक आला, माझ्यामुळे नाही."

बोलून झालं आणि सदाच्या लक्षात आलं. तो झोपाळ्यावरून उठला.

काशी पायरीवरून हलली नव्हती. एवढ्या वर्षांत ही गोष्ट कुणी तिच्यासमोर बोललं नव्हतं. तिने पदराचं टोक हाताच्या मुठीत घट्ट गुंडाळलं होतं.

चांगदेवने खिशातून कागद आणि पेन काढलं. "हेच लिही. एवढंच लिही, सदा."

"हे घरातलं बोलणं. सही बिही काही मिळायची नाही." सदाचा चेहरा लाल झाला होता. "आणि माझ्याकडे काय मागतोस? काशी, याला विचार, पुस्तकात सुमनचं नाव घातलं कोणी. मी पुस्तक विकत घेतलंय, शेवटची पानं पण वाचलीत. माहिती कोणी दिली ते छापलेलं असतं तिथं. 'चांगदेव घरत यांचे पत्र.' विचार त्याला!"

काशीने चांगदेवकडे पाहिलं. मग ती उठली आणि वाळूतून जेट्टीकडे चालू लागली.

त्याने तिला जाळी वाळत घातलेल्या बांबूंपाशी गाठलं. काय झालं होतं ते सगळं सांगितलं. स्टँडवरची माणसं, टिळेकरांचं कार्ड, गरी, न आलेलं उत्तर. ती जाळीतलं शेवाळ काढत ऐकत होती.

"म्हंजे गरीला लावायला तुला माजंच नाव घावलं."

"मला वाटलं, ते मला खोडतील, मग तुझं नाव—"

पुढचं वाक्य तोंडात होतं. मग तुझं नाव छापून येईल, असं. तसं म्हटलं असतं तर शोभलं असतं, कदाचित तिने मानलंही असतं. पण पत्र लिहिताना काशी त्याच्या मनातसुद्धा नव्हती. त्याला शिवानी उपासनीची सही हवी होती.

"न्हाय," तो म्हणाला. "तुझं काही डोक्यातच नव्हतं."

"ता बरा बोललास," काशी म्हणाली. तेवढ्यावर ती घरी गेली.

रात्री त्याने केसरला सांगितलं. ऐकून घेतल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, "सदा एवढं बोलत होता तर फोनवर धरून का नाही ठेवलंत? खिशात होता ना?"

फोन खिशात होता. बाजूलाच पेनही होतं, आणि त्याने पेन काढलं होतं. रेकॉर्डिंगचं त्याला सुचलंच नव्हतं. तो अंथरुणावर उठून बसला. केसरने दिवा मालवला.

संकेतस्थळावर शिवानीने फोन झाला त्याच दिवशी दुरुस्ती केली होती. 'चंद्रा : नोंद उपलब्ध नाही.' खाली टीप होती, 'आधीच्या माहितीचा स्रोत विश्वसनीय नसल्याचे आढळले.' त्याच पत्रातून चांगदेवने कळवलेल्या आणखी काही नोंदींखालीही तीच टीप आली. त्या सगळ्या अगदी खऱ्या होत्या. दुरुस्ती सदापर्यंतही पोहोचली. सुमनचं नाव आता त्याला घालता येईना, काशीचं त्याला घालायचं नव्हतं. त्याने अलिबागला फोन करून सांगितलं, तेवढी एक ओळ कोरी सोडा.

उद्घाटनाला सभापती आले, करंडक मधोमध ठेवला गेला, पोरींनी नाच केला. दगड चकचकीत काळा, अक्षरं सोनेरी. सगळ्यांच्या पुढे नावं. 'चंद्रा' या शब्दापुढे काहीच नाही. लोक आपापल्या बापाची, काकाची नावं शोधत होते, हात लावून बघत होते. कुणीतरी म्हणालं, "कोरणाऱ्याची एक ओळ राहिली वाटतं." गर्दी पांगली तेव्हा काशी दगडासमोर येऊन उभी राहिली. चांगदेव कट्ट्याच्या कोपऱ्यावर होता. निघून जावं असं त्याला वाटत होतं आणि पाय निघत नव्हते.

"म्हंजे चंद्राचं काम कोनी केलंच न्हाय व्हय?" ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण आजूबाजूच्या चार माणसांना ऐकू जाईल असं.

सदा सभापतींच्या गाडीपाशी होता.

ती चांगदेवकडे वळली. "स्टँडवर फळ्यावर गाड्यांच्या येळा तूच लिहायचास ना? अक्षर चांगला हाय तुजा. उद्या सकाळी ये."

तो गेला. काशीने मुलाच्या होडीवर नंबर घालायचा पांढरा रंग आणि बारीक ब्रश आणला होता. मासळी उतरवून बायका परतत होत्या, त्या टोपल्यांसकट थांबल्या.

"काय लिहू? पूर्ण नाव?"

काशीने विचार केला. "बाप बोलला, नाव नको. नवऱ्याला कळूच दिलं न्हाय. दोगांना कशाला वर चढवायचं? नुसता काशी लिही."

त्याने गुडघे टेकले आणि लिहिलं. अक्षर सरळ आलं. बघणाऱ्यांतली एक बाई म्हणाली, "गो काशी, तू नाटकात व्हतीस?"

"ह्याला विचार."

"होती," चांगदेव म्हणाला.

"जोरात सांग. बोटीचा आवाज हाय."

"चंद्राचं काम हिनं केलं! अलिबागला! मी होतो तिथं!"

बायका हसल्या. मग कुणीतरी विचारलं की नाटकात काय होतं, आणि काशी टोपली उपडी घालून तिच्यावर बसली.

गुळगुळीत दगडावर होडीचा रंग काही धरला नाही. खाऱ्या वाऱ्याने आठवड्यात पापुद्रे सुटले, उरलेलं सदाच्या माणसाने रॉकेलने पुसलं. काशीने निरोप धाडला. चांगदेवने पुन्हा लिहिलं, पुन्हा जमलेल्यांना सांगितलं. ते पुसलं गेलं तेव्हा निरोप आला नाही; ती स्वतःच आगरदांड्याला आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चल." सदा एकदा कॉटेजच्या फाटकातून बघत होता. पुढे आला नाही. शिवानीला चांगदेवने दगडाचा फोटो पाठवला. तिने उत्तरात विचारलं, 'हे नाव कोणी लिहिले?' त्याने कळवलं, मी. त्यानंतर तिचं काही आलं नाही.

"असं किती दिवस चालायचं?" केसरने विचारलं.

"सदा सही देईपर्यंत. नाहीतर मी असेपर्यंत."

चैत्रात तीन दिवस सपाटून वारा वाहिला. फेरी बंद होती, नारळ पडत होते. चौथ्या दिवशी सकाळी वारा पडला. चांगदेव चहा पिऊन उठला, कपाटाकडे न जाता त्याने खुंटीवरची पिशवी काढली, ब्रश आहे का ते बघितलं.

"बोलावलंय का काशीनं?" केसरने आतून विचारलं.

"नाही," तो म्हणाला, "पण नाव गेलं असेल," आणि चपला घालून निघाला.